उत्तर ध्रुव, व्हाया लातूर

पोलर बेअर नाही, इग्लू नाही, बर्फ तर औषधालाही नाही. तरीही आर्क्टिक भेटतं: मांजरा धरणाच्या चिखलात, लातूरच्या आडत बाजारात आणि सप्टेंबरच्या पावसात!

नकाशा काढा. मोबाइलवरचा चालेल. लातूरवर बोट ठेवा आणि इकडेतिकडे न वळता सरळ वर सरकवत न्या. रोहतकच्या आसपासून हिमालयात शिरा, के-टू शिखर ओलांडा, मग काझाखस्तानातलं अल्माटी, मग संपता संपत नाही असा सायबेरिया. शेवटी जमीन संपते आणि निळं-पांढरं काहीतरी सुरू होतं. त्याचं नाव कारा समुद्र. आर्क्टिक महासागराचाच एक कोपरा. म्हणजे लातूरच्या बरोब्बर डोक्यावर उत्तर ध्रुवाकडचा समुद्र आहे. मध्ये अंतर फक्त सहा हजार किलोमीटर!

आता ‘आर्क्टिक ट्रिप’ म्हटलं की आपल्याला आठवते ती नॉर्वेची महागडी क्रूझ. हिमनदी, नॉर्दर्न लाइट्स आणि डेकवर उभं राहून फोटो. सॉलिडच असणार, वाद नाही. पण तुमच्या-माझ्या पगारात आधी घराचा ईएमआय बसतो, मग उरलं तर गोवा. म्हणून मी दुसरा रस्ता धरला. रात्रीची ट्रेन, सकाळी लातूर, तिथून नांदेड. डिसेंबरातले तीन दिवस. आर्क्टिकचं जे काही इथवर पोचतं, ते बघायला.

पाच क्रेडिट कार्डांएवढा पाहुणा

पहिला स्टॉप धनेगावचं मांजरा धरण. गंमत अशी की धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. पाणी मात्र लातूर शहर पितं. हिवाळ्यात पाणी हळूहळू मागे सरकतं आणि काठाला ओल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. टुरिस्टांच्या दृष्टीने तिथे बघण्यासारखं काहीच नाही. ना बोटिंग, ना भेळेची गाडी. पण पाच मिनिटं गप्प बसून त्या चिखलाकडे बघा. चिखल हलायला लागतो.

तो असतो छोटा टिलवा. इंग्रजीत लिटल स्टिंट. वरून करडा-तपकिरी, पोट पांढरं, पाय काळे. पाकिटातली पाच-सहा क्रेडिट कार्डं एकावर एक ठेवली की जेवढं वजन भरेल, तेवढा जीव. पंचवीस-तीस ग्रॅम, बस्स. चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी खालीवर चालू. एका जागी थांबणं माहीतच नाही. डेडलाइनच्या दिवशी आपलं ऑफिस दिसतं ना, अगदी तसं!

“ताई, पाखरं बघायला पुण्याहून आलाव व्हय?” गाळपेऱ्याच्या हरभऱ्याला पाणी देणाऱ्या एका काकांनी विचारलं. पाणी उतरलं की धरणाच्या पोटातल्या गाळात पीक घेतात, त्याला गाळपेरा म्हणतात. मी त्यांना सांगितलं, हे पाखरू उत्तर ध्रुवाच्या बाजूला अंडी घालतं आणि थंडीत इकडे येतं. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मग तिकडं खायला न्हाई का काय?”

प्रश्न एकदम करेक्ट आहे. तिकडे खायला असतं, पण जेमतेम दीड-दोन महिने. टुंड्रा म्हणजे झाड नसलेला, शेवाळाचा आणि खुरट्या झुडपांचा प्रदेश. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकापासून सायबेरियापर्यंत पसरलेला. जूनमध्ये बर्फ वितळतो, चोवीस तास उजेड असतो आणि डास, माश्या, किडे अक्षरशः ढगांसारखे उठतात. टिलव्यासाठी तो अनलिमिटेड बुफे. जमिनीवरच छोटासा खळगा करून तो अंडी घालतो. पिल्लं वाढली की लगेच दक्षिणेकडे कूच. ऑगस्ट-सप्टेंबरपासून हे पाहुणे भारतात उतरायला लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत परत निघतात. काही भारताऐवजी थेट आफ्रिका गाठतात.

आता गडबड त्या बुफेच्या टायमिंगमध्ये झाली आहे. १९७९ पासूनचा हिशोब केला तर आर्क्टिक उरलेल्या जगापेक्षा जवळपास चौपट वेगाने तापलं आहे. बर्फ लवकर वितळतो, किडे लवकर उठतात आणि पिल्लं अंड्यातून बाहेर येईपर्यंत भर ओसरलेला असतो. टिलव्याच्याच कुळातल्या रेड नॉट नावाच्या पक्ष्यावर यासंदर्भात एक संशोधन झालं, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. हा पक्षी कारा समुद्राला लागून असलेल्या तैमिर द्वीपकल्पात जन्मतो. ज्या वर्षी बर्फ लवकर गेला, त्या वर्षीची पिल्लं अंगाने लहान आणि आखूड चोचीची निघाली. हिवाळ्यात ती आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जातात. तिथे वाळूत खोल असलेल्या शिंपल्यांपर्यंत त्यांची चोच पुरेना, आणि त्यातली बरीच जगली नाहीत. जन्मगावी लागलेली ठेच, परिणाम आठ-नऊ हजार किलोमीटरवर. टिलव्याचंही असंच होतंय असं मी म्हणत नाही. पण त्याचं बाळंतपण त्याच गावात होतं.

दाराला कुलूप न लावणारं गाव

त्या वरच्या जगात आपलाही एक पत्ता आहे, ठाऊक आहे? कारा समुद्राच्या पश्चिमेला नॉर्वेची स्वालबार्ड बेटं आहेत. तिथे ७९ अंश उत्तरेला नी-ऑलेसुंड नावाचं टीचभर गाव. एके काळी कोळशाच्या खाणीचं. १९६२ मध्ये खाणीत मोठा अपघात झाला, २१ माणसं गेली आणि खाण कायमची बंद पडली. आता तिथे वेगवेगळ्या देशांची संशोधन केंद्रं आहेत. भारताचं ‘हिमाद्री’ तिथे १ जुलै २००८ रोजी सुरू झालं. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. आधी आपले लोक तिकडे मुख्यतः उन्हाळ्यातच जायचे. डिसेंबर २०२३ पासून ध्रुवीय रात्रीतही जायला लागले. ध्रुवीय रात्र म्हणजे चार महिने सूर्यच उगवत नाही. आपण सकाळी सहाचा अलार्म स्नूझ करतो, त्यांचं काय होत असेल!

या गावाचे दोन नियम मला फार आवडले. एक, दाराला कुलूप लावायचं नाही. कारण रस्त्यात अचानक पांढरं अस्वल समोर आलं तर सापडेल त्या घरात घुसता आलं पाहिजे. दुसरा, मोबाइल, वाय-फाय, ब्लूटूथ सगळं बंद. तिथली संशोधनाची उपकरणं इतकी नाजूक आहेत की आपले सिग्नल त्यांना त्रास देतात. काही बॉस लोकांना सक्तीने पाठवण्यासारखी जागा आहे.

गंमत सोडा. पांढरं अस्वल शिकार करतं ती समुद्रावरच्या बर्फावर उभं राहून, सीलची. बर्फच नसेल तर उभं कुठे राहणार? आणि रेनडिअरची गोष्ट तर आणखी विचित्र. तिकडे हल्ली भर हिवाळ्यात पाऊस पडतो. ते पाणी जमिनीवर गोठतं आणि चाऱ्यावर काचेसारखा थर बसतो. रेनडिअर खुराने उकरतं, पण खालपर्यंत पोचत नाही. २०१९ मध्ये स्वालबार्डला अशी उपाशी मेलेली सुमारे दोनशे रेनडिअर आढळली. पाऊस पडल्यामुळे भूकबळी! मराठवाड्यात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, असं मला आधी वाटलं होतं. बसतो. का ते पुढे सांगते.

तुरीचा लॉकर

लातूर शहरात आलात की गंजगोलाईत जा. गोल इमारत, मध्ये जगदंबेचं मंदिर आणि सोळा दिशांना फुटलेले सोळा रस्ते. कपडे, भांडी, सोनं, किराणा, प्रत्येकाचा रस्ता वेगळा. मॉल काढणाऱ्यांनी इथे येऊन शिकावं. आणि जेवायला वरण-भात मागा. हसू नका. जवळच्या बोरसुरी गावाच्या तूरडाळीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे. तूर, डाळमिल आणि आडत, यांच्यावर हे शहर उभं राहिलं. शिकवण्या आणि ‘लातूर पॅटर्न’ नंतर आले.

या तुरीचे भाऊबंद स्वालबार्डमध्ये आहेत. खरंच! तिथे डोंगराच्या पोटात जगभरच्या बियाण्यांची तिजोरी आहे, २००८ मध्ये उघडलेली. उणे अठरा अंशात बियाणं जपून ठेवतात. युद्ध, दुष्काळ, पूर, काहीही होवो, वाण शिल्लक राहावं म्हणून. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादला जाताना पटनचेरू लागतं, तिथल्या इक्रिसॅट या संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचं बियाणं या तिजोरीत ठेवलं आहे. बँकेचा लॉकरच म्हणा ना.

ही जागा निवडताना भरवसा होता तो पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीवर. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिकडे नको तेवढी उष्णता वाढली, पाऊस झाला आणि पाणी तिजोरीच्या बोगद्यात शिरलं. बियाण्याला धक्का लागला नाही; पुढे बोगदा दुरुस्त करून घेतला.

२०१६ हे वर्ष लातूरकरांपुढे काढून बघा. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी नको म्हणून कलम १४४ लावलं होतं. १२ एप्रिलला पहिली पाण्याची रेल्वे स्टेशनात शिरली. ‘जलदूत’. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, मिरजेहून, साडेतीनशे किलोमीटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. बादल्या, घागरी, टँकर, नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, हे सगळं तेव्हा टीव्हीवर आपण बघितलंय. पण त्याच वर्षीचा सप्टेंबरअखेर फारसा कुणी दाखवला नाही. तेव्हा असा काही पाऊस कोसळला की रिकामं मांजरा धरण भरून गेलं. एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणि सप्टेंबरात पूर. एकाच कॅलेंडरमध्ये!

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा

लातूरमध्ये सप्टेंबरअखेर म्हटलं की मोठ्या माणसांना आधी आठवतो तो ३० सप्टेंबर १९९३. विसर्जन आटोपून झोपलेलं किल्लारी पहाटे चारच्या सुमारास भूकंपात गेलं. त्याचा आर्क्टिकशी काही संबंध नाही, तो घाव वेगळा. पण आताच्या तरुण शेतकऱ्यांसाठी या आठवड्याची भीती आभाळातली आहे.

२०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याचं उरलंसुरलं ढगांचं ओझं २७-२८ सप्टेंबरला मराठवाड्यावर रिकामं झालं. मांजरा धरणाचे सगळे म्हणजे १८ दरवाजे उघडले. काठची गावं पाण्यात, माणसं हेलिकॉप्टरने काढली. २०२५ मध्ये परत तोच महिना. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, सोलापूर. पिकं तर गेलीच, कित्येक ठिकाणी जमीनच खरवडून गेली.

इथे कारा समुद्राची एंट्री होते. वास्कोच्या त्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेच्या सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ कमी झाला की उघडं पडलेलं पाणी उष्णता घेतं आणि ती वर हवेत सोडतं. त्यामुळे वायव्य युरोपावर हवेच्या जास्त दाबाचा पट्टा तयार होतो. त्याच्या धक्क्याने वरच्या थरातले वारे लाटेसारखे वळसे घेत आशियाकडे येतात आणि भारतावरची हवा उचलली जायला मदत होते. त्यात अरबी समुद्र तापलेला असेल तर ओलावा भरपूर. मग सप्टेंबरच्या अखेरीला मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. असा हा साधारण फंडा.

शास्त्रज्ञांनी स्वतः मात्र शब्द जपून वापरलाय: ‘संभाव्य’ संबंध. आपणही जपूनच घ्यायला हवा. आर्क्टिकमध्ये सर्वांत कमी बर्फ नोंदला गेला तो सप्टेंबर २०१२ मध्ये. साधारण ३४ लाख चौरस किलोमीटर, जेमतेम भारताच्या आकाराएवढा. १९७९ मध्ये, उपग्रहांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा, तो सत्तर लाखांच्या आसपास होता. मग २०१२ मध्ये मराठवाडा बुडाला का? उलट, त्या वर्षी इथे भयंकर दुष्काळ होता. तेव्हा तिकडे बर्फ वितळला की इकडे पूर, असं पाढ्यासारखं गणित नाही. एल निनो आहे, बंगालच्या उपसागरातली वादळं आहेत, नदीपात्रातली अतिक्रमणं आहेत. आर्क्टिक या पत्त्यांच्या डावातलं एक पान. पण पूर्वी ते डावातच नव्हतं, निदान आपल्या लेखी.

आणि खरं सांगायचं तर इकडचा डावही बदललाय. हस्त नक्षत्राचा पाऊस, ज्याला लोक हत्तीचा पाऊस म्हणतात, पूर्वी हवाहवासा होता. त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची. आता शिवारात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. जूनमध्ये पेरलं की सप्टेंबरअखेर काढणीला. हत्ती यायचा तेव्हाच येतो, पण आता तो उभ्या पैशावरून चालत जातो. वाळलेल्या शेंगा भिजल्या की दाणा काळा पडतो, शेंगेतच कोंब फुटतात. काढून बनीम लावली असेल तर ती खालून कुजते. आडतीवर असा माल कुणी हातात घेत नाही. पाऊस पडला म्हणून उपाशी राहणं, ते हे. रेनडिअरची गोष्ट मी गाळपेऱ्यातल्या त्या काकांना सांगितली होती. ते एवढंच म्हणाले, “असतंय तसं.”

तुमच्या टीममध्ये कुणीतरी लातूरचा, उदगीरचा, नाही तर लोह्याचा असणारच. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो सारखा फोन घेऊन बाहेर जातो. ब्रेकअप वगैरे नसतं. “काढलं का? किती राहिलंय? ताडपत्री आणली का?” एवढंच चाललेलं असतं. बहिणीच्या लग्नाचा नाही तर भावाच्या शिकवणीच्या फीचा हिशोब त्या ताडपत्रीखाली असतो.

गोदेच्या काठी

लातूर ते नांदेड रस्त्याने तीनेक तास. चाकूर, अहमदपूर, लोहा. बालाघाटाच्या उघड्या डोंगररांगा, मध्येच तुरीचं पिवळंधमक रान. नांदेडला मी संध्याकाळी पोचले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबचा संगमरवर दिव्यांनी उजळत होता. गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये इथेच निर्वाण झालं, त्यामुळे रस्त्यात मराठीइतकीच पंजाबी ऐकू येते. लंगरमध्ये जेवा. पंगतीत शेजारी कोण बसलंय याला तिथे काही अर्थ नसतो, ते फार बरं वाटतं.

सकाळी नगीना घाटावर गेले. गोदावरी इतकी शांत, की हीच नदी सप्टेंबर २०२५ मध्ये शहरातल्या काठच्या वस्त्यांत शिरली होती हे सांगून पटत नाही. वर विष्णुपुरीचा बंधारा आहे. मागच्या धरणांतून पाणी सुटलं की त्याचे दरवाजे उघडावे लागतात आणि खालचं शहर श्वास रोखून बसतं. त्याआधी महिनाभर, ऑगस्टमध्ये, मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावं वेढली, झोपेतली माणसं गेली, लष्कराची तुकडी बोलवावी लागली. तो ऑगस्टचा पाऊस. कारा समुद्राचा निबंध त्याच्याबद्दल काही बोलत नाही. ज्यांचं घर गेलं त्यांना हा फरक सांगायला मी काही गेले नाही.

विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी परत तोच चिखल आणि परत तीच शिलाई मशीन. टिलवेच! या वेळी दीडेकशे तरी असावेत. पलीकडे दोन पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू चिखलात गेला तसा अख्खा थवा उठला, हवेत एकदाच पांढरा चमकला आणि पन्नास फुटांवर पुन्हा उतरून कामाला लागला.

जायचंय?

मुंबई आणि पुण्याहून लातूरला रात्रीच्या गाड्या आहेत. नांदेडला तर भरपूर. मुंबईहून ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही जाते. धनेगावसाठी लातूरहून गाडी ठरवा, तासाभराचा रस्ता. पहाटे पोचा, नऊनंतर ऊन डोळ्यांवर येतं. दुर्बीण हवीच, नाही तर टिलवा आणि ढेकूळ यात फरक कळणार नाही. येताना औशाजवळच्या उजनीत बासुंदीसाठी थांबा आणि निलंगा राइस मिळाला तर सोडू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मेच्या शेवटी जाऊ नका. तोवर चिखल भेगाळलेला असतो आणि टिलवे काझाखस्तानच्याही वर पोचलेले असतात.